सात आणे अमेरिकन मोटार

कर्जत, शनिवार

कर्जत स्टेशन आमच्या कुर्डुवाडीच्या लोकांनी पुष्कळ वेळा पाहिलेलं असतं, पण अर्धवट झोपेत. मुंबईला जाताना घाट उतरला की गाडी तिथे थांबते, कोणीतरी 'चाय गरम' ओरडतं, आपण कूस बदलतो आणि कर्जत मागे पडतं. मुद्दाम तिथलंच तिकीट काढून उतरलेलं माणूस आमच्या गावात मी एकटीच असेन. माझ्याबरोबर दत्तूमामा होते, पण ते म्हणतात, "मी उतरलो नाही, मला उतरवलं."

आम्ही मोटार विकत घ्यायला गेलो होतो. मी कुर्डुवाडीला डॉक्टरी करते. डॉक्टरी म्हणजे मुख्यतः बाळंतपणं. कर्जतहून बदली होऊन आमच्याकडे आलेल्या एका रेल्वे गार्डाची बायको, यमुना, अडली होती; ती माझ्या हातून सुखरूप बाळंत झाली. बैलगाडीच्या दगदगीबद्दल मी एकदा कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आमच्या आप्पांची मोटार इकायची हाय. नुसती उभी हाय पडवीत." आप्पा म्हणजे तिचे वडील, कडावचे नामाशेट. त्यांची भाताची गिरणी होती.

साल एकोणीसशे एकोणपन्नास, महिना सप्टेंबर, आणि मामांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पितृपक्ष चालू. मला रजा तेवढीच मिळत होती; दवाखाना सांभाळायला सोलापूरची मैत्रीण आठच दिवस येऊ शकत होती. मामांनी पंचांग उलटसुलट करून तोडगा काढला. "बोलणी करायला हरकत नाही. पण घटस्थापना होईपर्यंत एक पैसा द्यायचा नाही आणि गाडीला हात लावायचा नाही." आम्हाला हा तोडगा किती महाग पडणार होता, ते त्या वेळी पंचांगालाही ठाऊक नव्हतं.

नामाशेट बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. ठेंगणे, काळेसावळे, डोक्याला टोपी, पायांत काही नाही. मोटार असून बैलगाडी का, असं मी विचारणार होते, पण मामांनी डोळ्यांनी दाबलं.

कडाव

आमच्याकडे या दिवसांत काळी जमीन नांगरून, ढेकळं फोडून शाळूच्या पेरणीची वाट पाहत पडलेली असते. इथे डोळा जाईल तिथे गुडघाभर पाण्यातलं भात, आणि ते नुकतंच फुलोऱ्यावर आलेलं. बैलगाडी बांधावरून जाताना त्या फुलोऱ्याचा एक गोडसर वास येतो. मामा म्हणाले, "भात शिजतानाचा वास आहे." शेट म्हणाले, "नाय मामा, ह्यो त्याच्या आदीचा."

मोटार घराच्या पडवीत होती. काळी, लांबट, वर कापडी छत. पुढच्या नावाच्या पट्टीच्या जागी नुसती चार भोकं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने आमच्याकडे असं पाहिलं की मी दार हळूच लावून घेतलं.

"सोमवारपत्तुर उठंल ती," शेटीणबाई म्हणाल्या. उंच, हडकुळी बाई, आवाज गिरणीवरून हाक मारायची सवय असल्यासारखा.

शेटनी ही मोटार लढाईच्या काळात घेतली होती. मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीने एक पारशी गृहस्थ कर्जतला येऊन राहिले होते. बॉम्ब पडले नाहीत. त्यांना परत जायची इतकी घाई झाली की ते आगगाडीने गेले आणि मोटार शेटना देऊन गेले. "अस्सल अमेरिकन," शेट म्हणाले. "पारशीबावानं सोता सांगितलं."

अडीच हजारांत सौदा ठरला. माझ्याजवळ तेवढेच होते, शिवाय परतीच्या पेट्रोलपुरते. पैसे घटस्थापनेला द्यायचे.

जेवायला तांदळाची भाकरी होती. आमची ज्वारीची भाकरी म्हणजे हातात घेतली की हात भरतो. ही पांढरी, मऊ, घडी घालून खिशात ठेवावी अशी. बरोबर वालाचं बिरडं आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. पितृपक्षात मामा असलं काही खात नाहीत. पण त्यांनी रश्श्यात भाकरी बुडवली. मी पाहिलं, तेव्हा म्हणाले, "रस्सा आहे नुसता. खेकडा त्यातून गेला असेल, मला काय माहीत?"

मी जेवत असतानाच चुलीपाशी बसलेल्या शेटीणबाईंनी विचारलं, "बाईमाणसाला मोटार कशाला गं लागते?"

मी सांगितलं. मागच्या पावसाळ्यात सीना नदीच्या काठच्या एका गावाहून बोलावणं आलं. बैलगाडी चिखलात दोनदा रुतली. मी पोहोचले तेव्हा बाळ रडत होतं आणि आई गेली होती, तासाभरापूर्वी. तिची सासू मला म्हणाली, "आलात तेच खूप झालं." तिला राग आला असता तर बरं वाटलं असतं. मिशनच्या दवाखान्यात असताना मी मोटार चालवायला शिकले होते, ते नंतर विसरूनच गेले होते. त्या दिवशी आठवलं.

 शेटीणबाईंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मंगळवार

कोंबडी सोमवारी उठली, नऊ पिलं घेऊन. मंगळवारी सकाळी गावच्या शाळेचे पाटकर गुरुजी छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन धावत आले.

"शेट, रुपया पडला!"

शेटनी आधी अंगणात पाहिलं.

गुरुजींनी सांगितलं ते असं. विलायतेने आपल्या पौंडाची किंमत कमी केली, आणि आपल्या सरकारनेही रुपयाची तेवढीच. पूर्वी एक डॉलर तीन रुपये पाच आण्यांना येई. आता त्याला चार रुपये बारा आणे मोजावे लागणार. अमेरिकेचा माल जवळजवळ दीडपट महाग होणार.

"मंजी आपली गाडी..." शेट थांबले.

"अमेरिकन असेल तर महागली," गुरुजी म्हणाले.

दत्तूमामा उठून पडवीत गेले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि परत आले. "अहो, ही गाडी गेलं वर्षभर जागची हलली नाही. मग वर कशी गेली?"

"गाडी तिथेच आहे मामा," गुरुजी म्हणाले. "आपण खाली गेलो."

 गुरुजींनी पाटीवर हिशेब मांडला आणि आकडा सांगितला: तीन हजार पाचशे पंच्याऐंशी.

शेटचा चेहरा पाहून मला वाटलं, त्यांनाच हे पैसे द्यायचे आहेत. ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, म्या वाढीवली नाय. सरकारनं वाढीवली. माझी पोर तुमी वाचीवलीत. पन किमतीपरीस कमी इकली, तर उद्या माझ्यावर काय यील?"

"काही येणार नाही," मी म्हणाले.

"तुमाला म्हाईत नाय. ही सरकारी गोष्ट हाय."

 हजार रुपये वर्षभरात साठत नाहीत. मला भांडता येईना, कारण माणूस खोटा नव्हता. मी विचारलं, "गुरुजी, इंग्रजी मोटारी?"

"त्यांचं काही नाही. पौंड आणि रुपया हातात हात घालून पडले. इंग्रजी माल होता तिथेच."

"मग ही इंग्रजी कशावरून नसेल?"

शेट म्हणाले, पारशीबावा खोटं बोलणार नाही. आतून शेटीणबाई ओरडल्या, "इंग्रजच हाय ती! बसायचं तिनं आनि ढकलायचं आमी!"

वाद दुपारपर्यंत चालला. गावातले आठ-दहा जण येऊन मोटार पाहून गेले. एकाने चाकाचा वास घेतला. शेवटी शेटच म्हणाले, खालापूरला हमरस्त्यावर हसन मिस्त्री आहे, लढाईत लष्करी कारखान्यात होता, त्याच्या हातून हर देशाची गाडी गेली आहे. तो सांगेल ते कबूल. मीही कबूल केलं. दुसरा मार्गच नव्हता.

बुधवार: चौक, लोधिवली आणि पुन्हा चौक

मोटार दहा जणांनी ढकलल्यावर सुरू झाली. शेट चालवत होते. शेजारी गुरुजी, मांडीवर पाटी. मागे आम्ही तिघं: शेटीणबाईंचं माहेर खालापूरचं, म्हणून त्याही निघाल्या. मामांनी गाडीला हात लावायचा नाही हा नियम पाळला. ते हात छातीशी धरून आत चढले आणि डोकं आपटून घेतलं.

कर्जतहून चौकला आलं की मुंबई-पुणे रस्ता लागतो. खालापूरला जायचं तर डावीकडे वळायचं. आम्ही उजवीकडे वळलो.

"शेट, डावीकडे," गुरुजी म्हणाले.

"ती डावीकडं वळत नाय," शेट म्हणाले.

"म्हणजे?"

"उजवीकडं झ्याक वळते. डावीकडं आडते. म्हनून तर इकायची."

ते बोलून गेले आणि मग त्यांना कळलं की गिऱ्हाईक मागे बसलं आहे. पुढे बराच वेळ ते मान ताठ धरून समोरच बघत राहिले.

शेटचा बेत असा की उजवीकडे लोधिवलीपर्यंत जायचं, तिथे रस्ता रुंद आहे, तिथे उजवीकडूनच पूर्ण वळण घ्यायचं आणि तोंड खालापूरकडे करायचं. बेत चुकीचा नव्हता. लोधिवलीला आम्ही सुरेख वळण घेतलंही. पण ते संपताना पुढच्या झाकणातून वाफ निघाली, काहीतरी खणकन खाली पडलं आणि मोटार रस्त्यावर आडवी उभी राहिली. एका बाजूला पुण्याकडच्या मालाच्या लॉऱ्या थांबल्या, दुसऱ्या बाजूला मुंबईकडच्या.

लोक जमले. एका लॉरीवाल्याने विचारलं, "शेट, केवड्याला हे डबडं?"

"तीन हजार पाश्शे पंच्याऐंशी," शेट प्रामाणिकपणे म्हणाले.

लॉरीवाला हसायचाच थांबेना. गुरुजी त्याला रुपयाची गोष्ट समजावू लागले, आणि लोधिवलीच्या त्या रस्त्यावर उन्हात पाऊण तास डॉलर, पौंड आणि रुपया यांची शाळा भरली. ऐकून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मंजी माझा बैल अमेरिकेत जलमला असता तर आज त्याचं दीडपट आलं असतं?"

"हो," गुरुजी म्हणाले.

म्हाताऱ्याने आपल्या बैलांकडे जरा नाराजीने पाहिलं. पण बैल चांगले होते. त्यांनाच मोटारीला जुंपलं आणि आम्ही खालापूरकडे निघालो. शेट चक्र धरून बसले होते. वाटेतली डावीकडची वळणं बैलांनी विनातक्रार घेतली.

"कुसुम," मामा मला म्हणाले, "तू म्हणालीस बैलगाडीला उशीर लागतो, म्हणून मोटार घ्यायची."

 मला रडू येत होतं, आणि रडता रडता हसू आलं. शेटीणबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. "उगी गं," त्या म्हणाल्या, जशी मी त्यांची यमुनाच.

खालापूर

हसन मिस्त्री साठीचा, दाढी पांढरी पण ग्रीसने अर्धी काळी. त्याने आधी बैलांना पाणी पाजलं, मग आम्हाला चहा, आणि मग मोटारीखाली शिरला. आम्ही सगळे बाजेवर बसून त्याच्या पायांकडे पाहत होतो.

अर्ध्या तासाने पाय म्हणाले, "बाईसाब, ये गाडी एक नहीं है."

गुरुजींनी पाटी सरसावली.

"इंजिन अमेरिकन. पक्का. गिअरचा डबा इंग्लिश. ये पीछे का धुरा, चाकांचा आस, मिलिटरी लॉरीचा. वरचा सांगाडा मुंबईच्या सुताराने केलाय, सागाचा, बढिया काम. भोंगा जर्मन. डायनामो..." इथे तो बाहेर आला. "डायनामो कराचीहून आलेला. चिठ्ठी लागली आहे."

"कराची!" गुरुजी उभे राहिले. "पाकिस्तानने रुपया उतरवलाच नाही! आजच बातमी आहे. त्यांच्या शंभराला आपले एकशे चव्वेचाळीस!"

"मंजी डायनामोपन म्हागला?" शेटनी खचून विचारलं.

मग गाडी किती आणे कुठली, हे ठरवायला संध्याकाळ लागली. मिस्त्री एकेका भागाला हात लावी, गुरुजी आणे मांडीत. भोंग्यावर सगळं अडलं: जर्मनीत सध्या कुठलं नाणं चालतं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी भोंगा वाजतच नाही असं निघालं, म्हणून तो सोडून दिला. निकाल असा लागला: सात आणे अमेरिकन, सहा आणे इंग्रज, एक आणा पाकिस्तानी आणि दोन आणे देशी.

म्हणजे तरीही पाचशेवर वाढ. माझ्याजवळ पाचशे नव्हते. मी उठले आणि म्हणाले, "शेट, राहू द्या. आम्ही उद्याच्या गाडीने परत जातो." 

तेव्हा शेटीणबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सांगा की बाईला, गाडी कशाला इकताय ती."

शेट खाली बघत राहिले. मग हळूहळू सांगू लागले. गिरणीचं इंजिन श्रावणात बसलं होतं. पुन्हा उठणारं नव्हतं. दिवाळीला भात येणार, सगळा गाव पोती घेऊन दारात येणार, आणि गिरणी बंद. गाडी विकून दुसरं इंजिन घ्यायचं होतं. "त्येपन अमेरिकन," ते म्हणाले. "त्येपन म्हागलं असंल. अडीच हजारात आता नाय यायचं. म्हनून म्या... लाज वाटली सांगाया."

पहिल्यांदाच मला त्या माणसाचा पुरता राग आला. "आधी का नाही सांगितलंत? कालपासून मी तुम्हाला सरकारला भिणारा माणूस समजत होते!"

"त्योबी हाय मी," शेट म्हणाले.

हसन मिस्त्री दाढी खाजवत होता. "तुमको इंजिन चाहिए," तो शेटना म्हणाला. "इनको गाडी चाहिए." त्याने झोपडीच्या कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली एक लहानसं इंजिन होतं. "इंग्लिश. एक साहेब घाटात टक्कर मारून सोडून गेला. अमेरिकन इंजिन काढतो, गिरणीला लावतो. रॉकेलवर चालेल, भात सडून तांदूळ देईल. बाईच्या गाडीत हे बसवतो. गिअरचा डबा याच जातीचा आहे, भांडणार नाही."

 मग मामा म्हणाले, "म्हणजे गाडीतली अमेरिका काढून टाकायची?"

"हां मामा. पुरी."

गुरुजींनी पाटी पुसून नव्याने मांडली. शेटना इंजिन आणि वर काही रोख. मिस्त्रीला त्याच्या इंजिनाचे आणि मजुरीचे. सगळं मिळून माझ्या अडीच हजारांच्या आतच बसलं. डायनामो शेटनी तसाच दिला. "एक आना माझ्याकडून," ते म्हणाले.

काम दोन दिवस चाललं. आम्ही शेटीणबाईंच्या भावाकडे राहिलो. सर्वपित्री अमावस्या तिथेच झाली आणि मामांनी माझ्या आजोबांचं पान तिथेच वाढलं. घासाला कावळा लवकर शिवेना, तेव्हा शेट म्हणाले, "त्यांना भात पसंत नसंल, भाकरी ठेवा," आणि भाकरी ठेवताच शिवला. घटस्थापनेला मामांनी पैसे दिले आणि मोटारीला हात लावला. हाताला ग्रीस लागलं.

चक्राचं दुखणंही मिस्त्रीने काढलं. एक सळई वाकली होती, तीच लोधिवलीला सुटून पडली होती. मी मोटार डावीकडे वळवली. मग पुन्हा डावीकडे. खालापूरच्या देवळाभोवती मी डावीकडून तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा पुजारी बाहेर येऊन म्हणाला, "बाई, प्रदक्षिणा उलटी होतेय."

खोपोली, शनिवार

पोहोचवायला सगळे खोपोलीपर्यंत आले. इथे घाट सुरू होतो. डोंगरावरून वीजघराचे जाड नळ उतरलेले दिसतात आणि रस्ता त्यांच्या बाजूने वर चढतो. मी पहिला चढ घेतला. पाऊण वळणावर इंजिन धापा टाकून बंद पडलं. ब्रेक दाबत खाली आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच.

हसन मिस्त्रीने झाकण उघडलं, टाकीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. या इंजिनाला पेट्रोल ओढणारा पंप नव्हता. सपाटीवर टाकीतून ते आपोआप वाहत येई, पण तोंड वर केलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होई आणि पेट्रोल मागेच राही.

"मग?" मी विचारलं. 

"मग उलटी जा."

"म्हणजे?"

"तोंड खाली, पाठ वर. टाकी उंच राहील. उलटा गिअर सगळ्यांत ताकदवान असतो. माझे साहेब लोक असेच चढायचे. फक्त घाटापुरतं. वर सपाट आहे."

मामांनी पंचांगाची पिशवी छातीशी धरली. "कुसुम, मी चालत येतो."

"बसा मामा," मी म्हणाले, आणि ते बसले. मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून, रस्ता सांगायला.

मी मोटार वळवली, डावीकडून. पाठ घाटाकडे, तोंड कोकणाकडे. उलटा गिअर टाकला. इंजिन घुरघुरलं आणि आम्ही वर जाऊ लागलो. हळू, पण न थांबता. मान वळवून वळवून दुखायला लागली, तेव्हा मामा मागून ओरडत राहिले, "जरा उजवं! आता डावं! लॉरी आहे, थांब! चल!" वरून येणारा एक ड्रायव्हर आम्हाला पाहून एवढा गोंधळला की त्यानेच आपली लॉरी मागे घेतली.

प्रवासाला निघताना माणसाला मागे वळून पाहावं लागतं, आणि वळणावर माणसं दिसेनाशी होतात. आमचं तसं झालं नाही. आमची तोंडं त्यांच्याकडेच होती. पायथ्याशी शेट हात जोडून उभे होते, गुरुजी छत्री हलवत होते, मिस्त्री कमरेवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होता. ती माणसं लहान होत गेली, मग त्यांच्यामागचं खोपोली, मग खालापूरची हिरवी खाचरं, सगळं आमच्यासमोर पसरत, खाली उतरत गेलं.

पहिल्या मोठ्या वळणापर्यंत शेटीणबाईंचा आवाज येत होता. त्या सर्वांना ढकलून रस्त्याच्या मधोमध येऊन ओरडत होत्या:

"बाई, सावकास! माघारी बगून चालवा गं, माघारी!"